रविवारी दुकान उघडं, पण बाटली मिळत नाही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

परदेशात शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला गेलेल्या वाचकांनी या महिन्यात रविवारच्या बाजाराबद्दल विचारलं आहे. उत्तरांआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुकान उघडायला परवानगी असणं वेगळं आणि एखादी वस्तू त्या वेळी विकायला परवानगी असणं वेगळं. दोन्हींचे कायदे निराळे असतात आणि बहुतेक घोटाळा हे दोन एक मानल्यामुळे होतो.

प्रश्न : लंडनमध्ये नवीन आहे. रविवारी साडेअकराला मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेलो. दार उघडं होतं, ट्रॉली भरली, पण बारा वाजेपर्यंत बिल करणार नाही म्हणाले. त्याच कंपनीचं कोपऱ्यावरचं छोटं दुकान मात्र सकाळी सातपासून चालू असतं. असं का?

उत्तर : इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४चा रविवार-व्यापार कायदा लागू आहे. विक्रीची जागा २८० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर ते ‘मोठं दुकान’. अशा दुकानाला रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात सलग सहा तासच विक्री करता येते. म्हणून दहा ते चार, अकरा ते पाच किंवा बारा ते सहा अशा पाट्या दिसतात. तुमच्या दुकानाने बारा ते सहा ही वेळ निवडली आहे. त्याआधी अर्धा तास दार उघडून लोकांना माल बघू द्यायची रीत बऱ्याच दुकानांत आहे, कारण बंदी विक्रीवर आहे. सहा तासांची मोजणी पहिल्या बिलापासून होते, म्हणून एकट्या तुमच्यासाठी पाच मिनिटं आधी बिल करा असा आग्रह धरू नका. काउंटरवरच्या माणसाच्या हातात ते नसतं.

क्षेत्रफळ मोजताना ग्राहक फिरतात आणि माल मांडलेला असतो तेवढीच जागा धरतात. गोदाम आणि ऑफिस त्यात येत नाही. २८० चौरस मीटरपर्यंतच्या दुकानांना रविवारचं बंधन नाही. मोठ्या कंपन्यांनी गल्लोगल्ली लहान शाखा काढल्या, त्यामागे हेही एक कारण आहे. विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि मोटरवेवरच्या थांब्यांनाही सूट आहे. औषधांच्या दुकानाला सूट आहे, पण ते फक्त औषधं आणि वैद्यकीय साधनं विकत असेल तरच. शाम्पू, लिपस्टिक आणि सँडविच विकणारं मोठं केमिस्ट या सूटीत बसत नाही. मुख्यतः दारूच विकणारं मोठं दुकानही सूटीत येतं, त्याची वेळ त्याच्या परवान्यावर ठरते.

ईस्टरच्या रविवारी आणि २५ डिसेंबरला मोठी दुकानं पूर्ण बंद असतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, ती आधी बघून ठेवा. हा कायदा सैल करायचे प्रयत्न झाले आहेत. २०१२च्या ऑलिम्पिकच्या वेळी काही आठवडे तो तात्पुरता बाजूला ठेवला होता. मार्च २०१६मध्ये वेळा ठरवायचा अधिकार स्थानिक परिषदांना द्यायचा सरकारी प्रस्ताव आला, तो संसदेत ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला.

दारूचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये ती विकायला देशभर एकच अशी वेळ आता नाही. २००३चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५पासून अंमलात आला, तेव्हापासून प्रत्येक दुकानाच्या परवान्यात त्याची वेळ लिहिलेली असते आणि परवान्याचा सारांश दुकानात लावलेला असतो. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या दुकानातही अकरानंतर दारूच्या कपाटाचं शटर ओढलेलं दिसू शकतं. मोठ्या दुकानाला परवाना चोवीस तासांचा असला, तरी रविवारी विक्री त्या सहा तासांतच.

प्रश्न : माझं वय सत्तावीस, तरी वाइन घेताना ओळखपत्र मागितलं. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो दाखवला, तो चालला नाही. आणि काउंटरवरच्या मुलीने बाटली स्कॅन करण्याआधी दुसऱ्या बाईंना हाक मारली. माझ्यावर संशय होता का?

उत्तर : संशयाचा काही प्रश्न नाही. खरेदीची वयोमर्यादा १८ आहे, पण चूक होऊ नये म्हणून पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं, असं धोरण जवळजवळ सगळ्या दुकानांनी ठेवलं आहे. स्कॉटलंडमध्ये तर ती परवान्याची सक्तीची अट आहे. अल्पवयीन माणसाला बाटली विकली तर दुकानाचा परवाना धोक्यात येतोच, शिवाय विकणाऱ्या कर्मचाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. बेताच्या पगारावर काम करणाऱ्या माणसासाठी हे फार जड आहे. तिने मागितलं तर शांतपणे दाखवा.

फोटो, झेरॉक्स आणि कॉलेजचं कार्ड चालत नाही. मूळ पासपोर्ट, ब्रिटिश फोटो लायसन्स किंवा ‘पास’ असा होलोग्राम असलेलं वयाचं कार्ड लागतं. पासपोर्ट खिशात घेऊन हिंडण्यापेक्षा हे कार्ड काढून घेणं शहाणपणाचं, कारण पासपोर्ट हरवला तर व्हिसापासून सगळं अडतं.

हाक मारण्याचं कारण बहुधा असं, की ती मुलगी स्वतः अठराच्या आतली असेल. इंग्लंडमध्ये अल्पवयीन कर्मचाऱ्याला दारूचं बिल करता येतं, पण प्रत्येक विक्रीला जबाबदार व्यक्तीने त्या वेळी मान्यता द्यावी लागते. सकाळी एकदाच ‘आज तू विक’ असं सांगून चालत नाही.

आणखी एक. सोबत अठराच्या आतला भाऊ किंवा मित्र असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी घेताय असं दुकानदाराला वाटलं, तर तो विक्री नाकारू शकतो. अल्पवयीन माणसासाठी दारू विकत घेणं हा घेणाऱ्याचाही गुन्हा आहे. बिल करताना ‘तुला कुठली हवी?’ असं त्याला विचारलंत की विक्री तिथेच थांबते, मग तुमची भाषा त्यांना कळो न कळो. बोट दाखवलेलं सगळ्यांनाच कळतं.

प्रश्न : मँचेस्टरमध्ये शिकते आणि मोठ्या दुकानात पार्टटाइम काम करते. दर रविवारी माझी शिफ्ट लावतात. नकार देता येईल का? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : येईल, आणि त्यासाठी कारण सांगायची गरज नाही. रविवारी दुकानं उघडायची मुभा देताना संसदेने कामगारांना हा हक्क दिला, पुढे तो १९९६च्या रोजगार हक्क कायद्यात आला. कित्येक विद्यार्थ्यांना तो माहीतच नसतो.

व्यवस्थापकाला लेखी कळवा. ‘रविवारी काम करण्यास माझी हरकत आहे’ एवढं एक वाक्य पुरतं, पण खाली सही आणि तारीख हवीच. एक प्रत स्वतःकडे ठेवा, दिल्याचा पुरावा राहावा म्हणून ईमेलही करा. नोटीस दिल्यापासून तीन महिने रविवारची शिफ्ट लावली तर करावी लागते, त्यानंतर नाही. नोकरीला लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत मालकाने हा हक्क समजावणारं लेखी निवेदन द्यायचं असतं. ते दिलेलं नसेल, तर तुमची मुदत तीन महिन्यांऐवजी एकच महिना होते. म्हणून आधी नोकरीचे कागद काढून बघा.

या कारणासाठी कामावरून काढता येत नाही, की मुद्दाम वाईट वागवता येत नाही. मात्र तेवढे तास दुसऱ्या दिवशी द्यायचं बंधन मालकावर नाही. रविवारचे सहा तास गेले तर तेवढा पगार जाऊ शकतो, त्याचा हिशेब आधी करा. फक्त रविवारसाठीच नेमणूक झालेली असेल तर हा हक्क लागू होत नाही. अडचण आली तर अकास ही सार्वजनिक सल्लासेवा फोनवर मोफत मार्गदर्शन करते.

तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल, तर व्हिसाचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो हेही लक्षात ठेवा. पदवी अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते. गुरुवार ते शनिवार सोळा तास झाले असतील, तर रविवारी चारच उरतात. ‘पुढच्या आठवड्यात कमी करीन’ ही सरासरी चालत नाही, आणि दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास एकत्र मोजतात. दुकानाचं वेळापत्रक रविवारपासून सुरू होत असेल तर दुकानाचा आठवडा आणि व्हिसाचा आठवडा जुळत नाही. नकळत मर्यादा ओलांडली जाते ती नेमकी इथे. दुकानाच्या वेळापत्रकावर विसंबू नका, स्वतःच्या वहीत सोमवार ते रविवार असा हिशेब ठेवा.

प्रश्न : एडिंबरामध्ये रविवारी सकाळी नऊला भाजी, दूध सगळं मिळालं, वाइन मात्र दहानंतर या म्हणाले. शिवाय इंग्लंडमधल्या स्वस्त बाटल्या इथे महाग कशा?

उत्तर : स्कॉटलंडमध्ये मोठ्या दुकानांवर रविवारचं बंधन नाही, म्हणून भाजी नऊला मिळाली. घरी न्यायची दारू मात्र आठवड्याचे सातही दिवस सकाळी दहा ते रात्री दहा याच वेळात विकता येते. तुमचा अनुभव रविवारचा असला तरी मंगळवारीही नऊला हेच उत्तर मिळालं असतं.

किमतीचं कारण किमान दराचा कायदा. तो २०१२मध्ये झाला, कोर्टात अडकला, नोव्हेंबर २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि १ मे २०१८पासून तो लागू झाला. सुरुवातीला एका युनिटला ५० पेन्स दर होता, ३० सप्टेंबर २०२४पासून तो ६५ पेन्स झाला. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. हिशेब सोपा आहे : बाटलीतले लिटर गुणिले लेबलवरचा टक्का, आले युनिट.

७०० मिलिलिटरची ४० टक्क्यांची व्हिस्की म्हणजे २८ युनिट, किमान किंमत १८ पौंड २० पेन्स. ७५० मिलिलिटरची १२ टक्क्यांची वाइन ९ युनिट, ५ पौंड ८५ पेन्स. ४४० मिलिलिटरचे ५ टक्क्यांचे चार कॅन ८.८ युनिट, ५ पौंड ७२ पेन्स. दोन लिटरची साडेसात टक्क्यांची सायडर १५ युनिट, म्हणजे ९ पौंड ७५ पेन्स. कायद्याचा रोख याच शेवटच्या प्रकारावर आहे, म्हणजे स्वस्तात भरपूर अल्कोहोल देणाऱ्या पेयांवर. चांगल्या वाइनची किंमत आधीच त्याच्या वर असते, तिला काही फरक पडत नाही. ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ अशा सवलतीही तिथे ऑक्टोबर २०११पासून बंद आहेत. आम्हाला हा कायदा योग्य वाटतो, कारण तो सरसकट सगळ्यांना न अडवता नेमक्या जागी बोट ठेवतो.

प्रश्न : आईवडील ईस्टरच्या सुमारास जर्मनीला माझ्याकडे येणार आहेत. रविवारी सगळं बंद असतं हे माहीत आहे, पण औषध लागलं तर? आणि काय काय आधी आणून ठेवू?

उत्तर : ईस्टरला एक दिवस धरून चालणार नाही. शुक्रवार सुट्टी, शनिवारी दुकानं उघडी, रविवार बंद, सोमवारी पुन्हा सुट्टी. शनिवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जड सामान गुरुवारी सकाळीच आणा : पीठ, तांदूळ, पाणी. शनिवारसाठी फक्त दूध, भाजी आणि फळं ठेवा. बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यात दुकानं आठवड्याच्या दिवशीही रात्री आठला बंद होतात, ऑफिसहून येताना घेऊ असं ठरवलंत तर हुकेल. राज्याराज्यांच्या सुट्ट्याही वेगळ्या. ऑग्सबुर्ग शहराला तर ८ ऑगस्टची स्वतःची सुट्टी आहे.

रविवारी उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांवरची आणि विमानतळावरची दुकानं, पेट्रोल पंप, आणि काही तासांपुरती बेकरी आणि फुलांची दुकानं. बेकरीत दुपारी जाऊ नका, तोवर दार लागलेलं असतं. ‘फरकाउफ्सऑफेनर झोन्टाग’ अशी पाटी दिसली तर त्या रविवारी त्या भागातली दुकानं उघडी राहणार असं समजा. असे रविवार वर्षात मोजकेच असतात.

औषधाची काळजी करू नका. प्रत्येक भागात रात्री आणि सुट्टीच्या दिवशी एक ‘आपोटेके’ (औषधांचं दुकान) पाळीने उघडी असते, त्याला ‘नोटडीन्स्ट’ म्हणतात. बंद असलेल्या औषधांच्या दुकानाच्या दारावर त्या दिवशीच्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. मोबाइलवरून २२८३३ ला फोन केला तरी कळतं. तिथे बहुधा दार बंदच असतं. घंटा वाजवा, छोट्या खिडकीतून औषध देतात. अडीच युरो जादा आकार पडतो. डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर ११६११७, आणि जिवावरचं असेल तर थेट ११२. आईवडिलांची रक्तदाबाची, मधुमेहाची नेहमीची औषधं मात्र मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्त पुरतील इतकी, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, सोबत आणायला सांगा. तिथलं दुकान परदेशी चिठ्ठीवर औषध देईलच असं नाही.

शेजाऱ्यांशी वाद होतो तो वेगळ्याच गोष्टीवरून. रविवार हा शांततेचा दिवस आहे. भिंतीला ड्रिल मारणं, गवत कापायचं यंत्र चालवणं, काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकणं, हे त्या दिवशी करायचं नसतं. डब्यावर वेळा लिहिलेल्या असतात. हे संरक्षण थेट राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं कलम १३९ आजच्या घटनेच्या कलम १४० ने जसंच्या तसं घेतलं आहे. बर्लिनने नाताळआधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली होती, चर्च त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि १ डिसेंबर २००९ला घटना न्यायालयाने ती तरतूद घटनाविरोधी ठरवली. दुकानदाराचा धंदा आणि ग्राहकाची हौस एवढी कारणं रविवार मोडायला पुरेशी नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे.

प्रश्न : ओस्लोमध्ये शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला किराणा दुकानात बिअर मिळाली नाही, दुकान तर रात्रीपर्यंत उघडं होतं. रविवारी जेवायला बोलावलं आहे, वाइन कुठे मिळेल?

उत्तर : रविवारी दुकानात कुठेच नाही. नॉर्वेत किराणा दुकानात ४.७ टक्क्यांपर्यंतचीच बिअर मिळते, तीही एरवी रात्री आठपर्यंत आणि शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. ही कायद्याने दिलेली कमाल वेळ, नगरपालिका ती आणखी कमी करू शकते. रविवारी, सुट्ट्यांना, १ मे आणि १७ मे या दिवशी विक्री बंद. १०० चौरस मीटरपर्यंतची किराणा दुकानं रविवारी उघडता येतात, पण तिथे बिअरचं शेल्फ झाकलेलं असतं.

ऑनलाइन मागवणारे इथे फसतात. आधी पैसे भरले असले, तरी बिअर विक्रीची वेळ संपायच्या आत हातात पडावी लागते. शनिवारी सातला सामान घ्यायला गेलात तर बाकी सगळं देतील, बिअर ठेवून घेतील.

वाइन आणि त्याहून कडक पेयं फक्त सरकारी ‘विनमोनोपोले’त. ते शनिवारी दुपारीच बंद होतं. बिअर-वाइनला वय १८, व्हिस्कीसारख्या पेयांना २०. स्वीडनमध्येही असंच आहे. ३.५ टक्क्यांच्या वर जवळजवळ सगळं सरकारी ‘सिस्टीमबोलागेट’मध्ये, शनिवारी तीनपर्यंत, रविवारी बंद, वय २०. जेवायला जाताना फुलं किंवा चॉकलेट न्या, यजमानांना वेळापत्रक ठाऊक असतं.

प्रश्न : पोलंडमध्ये मागच्या रविवारी मॉल उघडा होता, या रविवारी बंद. नियम कुठला?

उत्तर : १ मार्च २०१८पासून तिथे रविवारच्या व्यापारावर टप्प्याटप्प्याने बंदी आली. वर्षातले ठरावीक रविवारच खुले असतात, त्यांत नाताळ आणि ईस्टरच्या आधीचेही येतात. यादी वर्षाच्या सुरुवातीलाच मिळते, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. लहान दुकानात मालक स्वतः काउंटरवर उभा राहिला तर ते उघडं ठेवता येतं.

प्रश्न : भाऊ टेक्सासमध्ये, बहीण न्यू जर्सीत बर्गन काउंटीत. भाऊ म्हणतो रविवारी व्हिस्की मिळत नाही, बहीण म्हणते कपडे मिळत नाहीत. दोघं एकाच देशात राहतात ना?

उत्तर : दोघंही खरं सांगतात. अमेरिकेत हा विषय राज्यांचा, काही ठिकाणी काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) आणि गावाचा आहे. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या खटल्यात असे कायदे वैध ठरवले. मूळ धार्मिक असलं तरी सगळ्यांना एक विश्रांतीचा दिवस देणं हा आजचा हेतू धर्मनिरपेक्ष आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणं आणि बांधकामाचं सामान विकायला बंदी आहे. किराणा आणि औषधं त्या यादीत नाहीत. पॅरामस गावाचे नियम त्याहून कडक आहेत. बहिणीला फ्रिज घ्यायचा असेल तर शनिवारी घ्यावा, नाहीतर रविवारी शेजारच्या काउंटीत जावं.

टेक्सासमध्ये व्हिस्की, रम, व्होडका फक्त दारूच्या स्वतंत्र दुकानात मिळते. ती सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री नऊ चालतात, रविवारी बंद. सुपरमार्केटमध्ये बिअर आणि वाइन रविवारीही मिळते. १ सप्टेंबर २०२१पासून ती दहाला सुरू होते, आधी बारा वाजेपर्यंत थांबावं लागे. वय २१, भावाकडे पासपोर्ट किंवा राज्याचं ओळखपत्र हवंच. मोटारविक्रीच्या दुकानांनाही तिथे शनिवार किंवा रविवार, यातला एक दिवस बंद ठेवावा लागतो.

थँक्सगिव्हिंग, २५ डिसेंबर आणि १ जानेवारीलाही ही दारूची दुकानं बंद असतात. यातला नाताळ किंवा १ जानेवारी रविवारी आला, तर सोमवारीही बंद. म्हणजे शनिवारी रात्री नऊला दार लागलं की थेट मंगळवारी सकाळी दहाला उघडतं. पाहुणे येणार असतील तर भावाने शुक्रवारीच खरेदी उरकावी, शनिवारी शेवटच्या तासात हवी ती बाटली शिल्लक असेल याची खात्री नसते.